चर्चासत्रातून हद्दपार झालेला प्रश्न

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर या साऱ्यांच्या व्याख्या त्याने तपासल्या. जातीबाहेर लग्नाला बंदी हेच जातीचे मर्म, असे त्याने मांडले आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची संगती त्याच्याशी लावून दाखवली. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. नामांकितांच्या सिद्धांताला विद्यार्थ्याने हात घालावा आणि सभेने ते ऐकून घ्यावे, यालाच मी चर्चासत्र म्हणतो.

आमच्या महाविद्यालयांत काय चालते? दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, लांबलेले बीजभाषण. जेवणानंतर एकेका निबंधाला पाच मिनिटे. २०१० च्या अनुदान आयोगाच्या नियमावलीने निबंधवाचनाला गुण लावले आणि प्रमाणपत्राचे महत्त्व वाढले. मीही ती जमवली. घरातला पहिला पदवीधर मी. फाइल रिकामी ठेवण्याची चैन मला परवडणारी नव्हती.

पण एक प्रसंग मला स्वस्थ बसू देत नाही. आमच्या इतिहास विभागात पाहुण्यांचे व्याख्यान होते. बलुतेदारी म्हणजे परस्परावलंबन, गावचा सलोखा, असे वक्ते सांगत होते. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. म्हणाली, "सर, माझे पणजोबा येसकर होते. रात्री-अपरात्री गावचा सांगावा घेऊन पळायचे आणि दारोदार भाकर मागायचे. परस्परावलंबन म्हणता, तर त्यांना गावाला नाही म्हणता येत होतं का?"

अध्यक्ष म्हणाले, "वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत." आभार मला मानायचे होते. मी वक्त्यांच्या मौलिक मार्गदर्शनाचा उल्लेख केला. तिच्या प्रश्नाचा केला नाही.

तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, इतिहासाचा होता. नकाराचा हक्क नसेल तिथे परस्परावलंबन हा शब्द खोटा ठरतो. सलोखाच होता, तर १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांना वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक का मांडावे लागले? १९५८ मध्ये कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा का करावा लागला? तिच्या घरची आठवण हे साधन आहे. कागदपत्रांसारखेच तेही तपासावे. पण तपासण्यासाठी आधी ऐकावे लागते.

व्यासपीठ द्यायचे आणि शब्द आवरायला सांगायचे, ही रीत जुनीच. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदासाठी बोलावले, मग भाषणातला मजकूर त्यांना खुपला. बाबासाहेबांनी तो गाळण्यास नकार दिला. परिषद झालीच नाही. भाषण त्यांनी स्वतः छापले.

शिक्षक मित्रांनो, आपण निदान एवढे करू. निम्मा वेळ प्रश्नांना राखू आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्यांचा घेऊ. त्या मुलीची मी वर्गात, सर्वांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, "सर, उत्तर कधी मिळेल?"