तीस नंबरची बस आणि इमानी कुत्रा

आदिवासी कलावंतांवर लिहिताना आपल्याकडे तीन शब्द हमखास येतात: परंपरा, चिवटपणा, आशा. शब्द खोटे नाहीत. पण ते एकदा लिहिले की चित्राकडे बघायचं काम उरकल्यासारखं होतं. भज्जू श्याम यांचं ‘द लंडन जंगल बुक’ (तारा बुक्स, २००४) या तीन शब्दांत मावत नाही, म्हणून त्याबद्दल लिहावंसं वाटलं. मुळात ते एक मिश्कील प्रवासवर्णन आहे.

भज्जू मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे, परधान गोंड. पोटासाठी भोपाळला आले, रखवालदारी केली, इलेक्ट्रिशियनचं काम केलं आणि मग नात्याने काका असलेल्या जनगढ सिंह श्याम यांच्या हाताखाली चित्रं शिकले. पुढे लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला त्यांना बोलावणं आलं. दोन महिने ते तिथे राहिले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं आणि रंगवलं, त्यातून गीता वुल्फ आणि सिरीष राव यांच्यासोबत हे पुस्तक झालं.

माझ्यासारखी माणसं कंपनीच्या कामाला लंडनला जातात तेव्हा पहिले पंधरा दिवस पाउंडाला शंभराने गुणण्यात जातात. भज्जूंचं गणित वेगळं आहे. त्यांच्या चित्रात बिग बेनचं घड्याळ आणि कोंबडा एकमेकांत मिसळतात, कारण वेळ सांगणं हे दोघांचंही काम. तीस नंबरची बस कुत्रा होते, कारण ती न चुकता मुक्कामी पोचवते. जमिनीखालची रेल्वे होते गांडूळ. विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती: एवढं धूड हवेत कसं राहतं, हे कोडं त्यात तसंच शिल्लक आहे. आणि दिवसभर गप्प असणारे, रात्री पबात गजबजणारे इंग्रज वटवाघळं होतात.

या प्रतिमा नुसत्या गोड म्हणून सोडून देता येत नाहीत. बस कुत्र्यासारखी दिसत नाही. दिसण्यावरून केलेली तुलना कोणीही करतो. भज्जू वस्तू काय काम करते ते बघतात आणि तेच काम आपल्याकडे कोण करतं ते शोधतात. आमच्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात: आत काहीही असो, बाहेरून तीच हाक ऐकणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी बसू शकतात. हे अमूर्त विचाराचं काम आहे. आदिवासी कलेला ‘निरागस’ म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही, कारण त्यांनी आधीच ठरवलेलं असतं की विचार आपण करायचा आणि रंग त्यांनी भरायचे.

‘हजारो वर्षांची परंपरा’ हेही जरा तपासून घेऊ. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवत यजमानांच्या घरी वंशावळी आणि देवांच्या कथा गाणं हे त्यांचं काम. घराच्या भिंतींवर चित्रं असायची. पण आज आपण ज्याला गोंड चित्र म्हणतो, ते कागदावर आणि कॅनव्हासवर आलं १९८०च्या दशकात. भोपाळच्या भारत भवनासाठी जे. स्वामिनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवली, त्यांना जनगढ सापडले, आणि जनगढनी ठिपक्यारेघांची स्वतःची शैली घडवली. म्हणजे ही कला वयाने पर्सनल कॉम्प्युटरच्या बरोबरीची. गाणं ऐकणारे यजमान कमी झाले तेव्हा गाणाऱ्यांच्या मुलांनी कथा दुसऱ्या भांड्यात ओतली. चिवटपणा म्हणायचंच असेल तर तो हा: जुनं जपून ठेवण्यापेक्षा भांडं बदलायची हिंमत.

पुस्तकाचं नाव किपलिंगला चिमटा काढतं, हे उघड आहे. पण याच पाटनगढात इंग्लंडमध्ये जन्मलेले व्हेरिअर एल्विन राहिले होते, गोंडांविषयी लिहीत होते. कोण कोणाविषयी लिहिणार, ही वाट एकाच दिशेने जाणारी होती. भज्जू तिच्यावरून उलटे चालत गेले. आमच्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही परधान आहेत. शाळेत आम्हाला त्यांची ओळख झाली ती राखीव प्रवर्गाच्या यादीतलं एक नाव म्हणून. त्यांनी आपल्याविषयी काय निरीक्षणं केली असतील, हा प्रश्न कोणी विचारला नाही. हे पुस्तक तो विचारायला लावतं.

तक्रार आहे ती मजकुराबद्दल. भज्जूंचं बोलणं इंग्रजीत आलं आहे आणि प्रत्येक चित्राशेजारी त्याचा अर्थ मांडून ठेवला आहे. कोंबडा आणि घड्याळ का जुळले, हे वाचकाला स्वतः उमगण्याआधीच कळतं. ज्याची बुद्धी चित्रात इतकी बोलते, त्याला थोडं कमी समजावून दिलं असतं तरी चाललं असतं.

आणि आशा? २००१ साली जपानमध्ये, एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेलेल्या जनगढनी तिथेच आपलं आयुष्य संपवलं. त्यानंतर तीन वर्षांनी त्यांच्याच शिष्याचं, परदेशात काढलेल्या दिवसांचं हे पुस्तक आलं. ते वाचताना परका देश म्हणजे काय असू शकतं, हे विसरता येत नाही. म्हणून त्यातला कुत्रा मला हसवतो तेवढाच थांबवतोही. अनोळखी शहरात, भाषा येत नसताना, एक बस रोज आपल्याला मुक्कामी आणून सोडते, हे ज्याने टिपलं त्याला परतीची किंमत ठाऊक होती. त्याने तिला आपल्या गावातलं, ओळखीचं नाव दिलं. या पुस्तकात आशा मला सापडते ती तिथे: जग मोजायला आपल्या घरचं माप पुरेल, या भरवशात.