गॅलरी बंद, एसी चालू

ठाण्यात आणि डोंबिवलीत साठ-सत्तरच्या दशकातल्या ज्या दोन-तीन मजली इमारती अजून उभ्या आहेत, त्यांच्या नूतनीकरणाची पद्धत ठरलेली आहे. गॅलरी आत घ्यायची, दोन झडपांच्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या बसवायच्या, मग पाच स्टारचा एसी. याला ऊर्जाबचत म्हणतात. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

गॅलरी करत काय होती? ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोचू देत नव्हती. ती बंद केली की ऊन काचेतून थेट आत. सरकती खिडकी कशीही सरकवा, निम्मीच उघडते. आणि आपल्या दमट हवेत घाम वाळायला वाराच लागतो. म्हणजे घर आपणच तापवलं, आणि ते गार करणारं यंत्र किती काटकसरी आहे तेवढं स्टार सांगतात. जेव्हन्सनं १८६५ मध्येच मांडलं होतं की यंत्र काटकसरी झालं म्हणून कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. आपल्याकडे बेडरूमचा एसी परवडला की हॉलमध्ये दुसरा येतो.

पण जुन्याचं गुणगानही नको. कौलं जाऊन सपाट स्लॅब आला, तो दिवसभर तापतो आणि रात्री वरच्या मजल्यावर उष्णता सोडतो. गंमत बघा, गळतीसाठी सोसायटीनं गच्चीवर घातलेली पत्र्याची शेड या स्लॅबवर सावली धरते. बाजू उघड्या असल्या तर वाराही खेळतो. सौंदर्यवादी नाकं मुरडतात, मी मुरडत नाही.

गॅलरी बंद करणाऱ्यालाही मूर्ख समजू नका. वन रूम किचनमध्ये मुलाला अभ्यासाला तेवढीच जागा असते. मग निदान काचेच्या बाहेरून बांबूचा पडदा सोडा. आतला पडदा उशिरा पोचतो, उष्णता तोवर काच ओलांडून आलेली असते.

केंद्राची इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली. छप्पर सोडून भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला, थंड हवामानाचे प्रदेश वगळता, तिनं चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. खिडकीवरची सावलीही त्या गणितात धरली आहे. छज्जा काय काम करतो हे तिला कळतं! पण ती नव्या बांधकामांसाठी. जुनं घर कंत्राटदाराच्या हाती, आणि तो भाव सांगतो स्क्वेअर फुटाचा. त्यात सावलीला दर नाही.