पहिल्या वळणापासून पुढे

आठशे मीटरची शर्यत रस घेऊन पाहायची असेल, तर शेवटच्या शंभर मीटरची वाट पाहत बसू नये. तिथे निकाल दिसतो. शर्यत त्याआधीच घडून गेलेली असते, बहुतेक वेळा शेवटच्या फेरीची घंटा वाजल्यानंतरच्या दोनशे मीटरमध्ये. केनियाच्या इमॅन्युएल वान्योनीच्या शर्यती पुन्हा पुन्हा पाहताना हे मला पटत गेलं. विशीतच ऑलिंपिक आणि जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या या धावपटूची पदकं सगळ्यांना दिसतात. त्याचं पुढे राहणं मात्र थांबून, बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

आधी या प्रकाराचं व्याकरण. आठशे मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. पहिलं वळण प्रत्येकानं आपापल्या लेनमध्ये संपवायचं, मग सगळ्यांनी आतल्या कडेकडे वळायचं. तिथे जी दाटी होते, कोपर लागतात, पाय अडखळतात, तिच्यात अनेकांची शर्यत बिघडते. मागे राहून बाहेरून पुढे जायचं म्हटलं, तर वळण महाग पडतं. लेनची रुंदी 1.22 मीटर असते. एक अख्खं वळण दुसऱ्या लेनमधून काढलं, तर आतून धावणाऱ्यापेक्षा साडेतीन मीटरहून जास्त अंतर पायाखालून जातं, आणि पहिलं सोडलं तरी अशी तीन वळणं उरतात. मग सगळेच पुढे का राहत नाहीत? कारण पुढच्याला वारा एकट्यानं कापावा लागतो, वेग एकट्यानं ठरवावा लागतो आणि मागे कोण किती ताजं आहे हे कळत नाही. मागच्यांना तो सतत दिसतो, त्याला मात्र कुणीच दिसत नाही. म्हणून मोठ्या स्पर्धांच्या अंतिम शर्यतीत पुष्कळदा सगळे एकमेकांकडे बघत सावध धावतात आणि शेवटी वेगाचा स्फोट होतो. वान्योनी ही सावधगिरी नाकारतो.

10 ऑगस्ट 2024, पॅरिसचं स्ताद द फ्रान्स. अंतिम फेरीत आठ जण. अल्जीरियाचा जमेल सेजाती जुलैत मोनॅकोला 1 मिनिट 41.46 सेकंदांत धावून आलेला. कॅनडाचा मार्को अरॉप आदल्या वर्षीचा जागतिक विजेता. दोघांचीही खरी ताकद शेवटच्या टप्प्यात. अशा प्रतिस्पर्ध्यांसमोर आघाडी घ्यायची म्हणजे त्यांना आयतं लक्ष्य द्यायचं. वान्योनीनं लेन सुटताच आतली कडा धरली आणि पुढे निघाला. पहिली फेरी पन्नास सेकंदांच्या थोडी वर. हा आकडा फार विचारपूर्वक निवडलेला वाटतो. याहून सावकाश धावला असता, तर मागचे ताजे राहिले असते. याहून जोरात धावला असता, तर स्वतःच रिकामा झाला असता.

घंटेनंतर तो काय करतो ते पाहा. खांदे वर चढत नाहीत, हात शरीराबाहेर फेकले जात नाहीत, मान ताठ होत नाही. मागून कुणी जवळ आलं की तो मागच्याला बाहेरच ठेवण्यापुरता किंचित वेग वाढवतो आणि पुन्हा आपल्या लयीत येतो. वेगातला हा बदल इतका छोटा असतो, की पहिल्यांदा पाहताना लक्षातही येत नाही. पण त्यामुळे मागच्याला वळणावर एक तर थांबावं लागतं किंवा लांबचा रस्ता धरावा लागतो. पाहणाऱ्याला तो फक्त पळत असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो मागच्या सातही जणांच्या शर्यतीला आकार देत असतो.

मग शेवटचा सरळ पट्टा. उंचपुरा अरॉप मागून लांब ढांगा टाकत येतो आणि दर पावलाला अंतर मिटत जातं. इथे डोळा फसतो. आपल्याला वाटतं, मागचा वेग वाढवतोय. इतक्या जलद आठशेच्या अखेरीस वेग वाढवण्याइतकी ताकद सहसा कुणातच उरत नाही. स्नायू जड झालेले असतात आणि सगळेच मंदावत असतात. जो कमी मंदावतो तो झेपावल्यासारखा दिसतो. वान्योनीची लय त्या शेवटच्या काही मीटरमध्ये थोडी तुटते, पण कोसळत नाही. वान्योनी 1 मिनिट 41.19 सेकंद, अरॉप 41.20. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे त्या वेगानं साधारण सात-आठ सेंटीमीटर, चार बोटांचं अंतर. सेजाती 41.50, अमेरिकेचा ब्राइस हॉपेल 41.67. एकाच शर्यतीत चार जण 1 मिनिट 42 सेकंदांच्या आत येण्याची ती इतिहासातली पहिलीच वेळ. त्या चौघांच्या वेळांमागे सर्वांत पुढे धावणाऱ्याचं धाडस होतं. त्यानं शर्यत जलद केली, म्हणून बाकीचेही आपापल्या शिखराला किंवा त्याच्या अगदी जवळ पोचले.

तेव्हा वान्योनी नुकताच वीस वर्षांचा झाला होता. ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर जिंकणारा सर्वांत तरुण धावपटू. केनियाचं या प्रकारातलं हे सलग पाचवं सुवर्ण. 2008 मध्ये विल्फ्रेड बुंगेई, 2012 आणि 2016 मध्ये डेव्हिड रुडिशा, टोकियोत इमॅन्युएल कोरिर, आणि मग हा.

तो इथवर आला ती वाट सरळ नव्हती. पश्चिम केनियातल्या ट्रान्स-न्झोया भागात, घरच्या गरिबीमुळे लहान वयात त्याची शाळा सुटली आणि तो गुरं राखायला लागला. पुढे धावण्याच्या जोरावरच शाळेची दारं पुन्हा उघडली. 2007 ची आठशे मीटरची जागतिक विजेती जॅनेथ जेपकोस्गेई हिनं त्याला हेरलं, हाताशी धरलं. नंतर इटालियन प्रशिक्षक क्लॉदिओ बेरार्देल्ली यांच्या हाताखाली तो तयार झाला. 2021 मध्ये नैरोबीच्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांच्या या मुलानं 1 मिनिट 43.76 सेकंदांत स्पर्धेचा विक्रम केला.

पुढची दोन वर्षं मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण त्यांत तो हरला. 2022 च्या जागतिक स्पर्धेत यूजीनला तो चौथा आला. 2023 मध्ये बुडापेस्टची अंतिम शर्यत सावकाश सुरू झाली. दुसऱ्या फेरीत अरॉपनं सूत्रं हातात घेतली आणि वान्योनीच्या वाट्याला रौप्य आलं. सावकाश शर्यतीत कुणाच्याही हाती निकाल जाऊ शकतो, हा बुडापेस्टचा धडा. त्यानंतर महिनाभरात यूजीनला डायमंड लीगच्या अंतिम शर्यतीत त्यानं त्याच अरॉपला सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी मागे टाकलं. पुढच्या जूनमध्ये नैरोबीला, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरहून उंचावरच्या विरळ हवेत, ऑलिंपिक निवड चाचणीत तो 1 मिनिट 41.70 सेकंदांत धावला. पॅरिसच्या निर्णयाची बीजं या क्रमात दिसतात. निकाल आपल्या हाती हवा असेल, तर वेगही आपणच ठरवायचा.

आघाडीवर राहण्याची किंमत भारतीय वाचकाला ठाऊक आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पहिली फेरी कुणाच्या आघाडीनं गेली? आपल्या श्रीराम सिंगच्या. 50.85 सेकंद. त्या वेगाचा लाभ क्यूबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनानं उचलला आणि 1 मिनिट 43.50 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. श्रीराम सातवा आला, पण त्याची 1 मिनिट 45.77 सेकंदांची वेळ पुढची बेचाळीस वर्षं भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. पुढे राहणाऱ्याचं दान असं असतं. रुडिशानं 2012 मध्ये लंडनला ते दान आणि विजय दोन्ही एकत्र आणले. वेग आखून देणाऱ्या पेसमेकरशिवाय, पहिली फेरी 49.28 सेकंदांत काढून, 1 मिनिट 40.91 सेकंदांचा आजवर अबाधित असलेला विक्रम. रुडिशा उंच, लांब ढांगांचा. तो पुढे असला की मागच्यांच्या आवाक्यात येतच नसे. वान्योनीकडे तो अंतराचा आधार नाही. त्याच्या मागे माणसं नेहमीच जवळ असतात आणि त्यांना जवळ ठेवूनच तो जिंकतो. म्हणून त्याची आघाडी रुडिशाच्या आघाडीहून अधिक उत्कट वाटते. तिच्यात धोका शेवटच्या पावलापर्यंत शिल्लक असतो.

पॅरिसनंतर बाराच दिवसांनी लोझानला तो 1 मिनिट 41.11 सेकंदांत धावला. 1997 मध्ये कोलोनला विल्सन किपकेटरनं दिलेली वेळ नेमकी हीच. याहून जलद आजवर फक्त रुडिशा धावलाय.

आणि मग 20 सप्टेंबर 2025, टोकियोची जागतिक अंतिम शर्यत. इथे तो पॅरिसची नक्कल करत नाही. पहिली फेरी पन्नास सेकंदांच्या आत, म्हणजे बरीच जास्त जोखीम. दुसऱ्या फेरीत वेळ घसरणार हे त्याला ठाऊक असणारच. त्याची पैज अशी, की मागचेही तेवढेच दमतील. शेवटच्या पट्ट्यात सेजाती आणि अरॉप दोघंही अंगावर आले. वान्योनी 1 मिनिट 41.86, सेजाती 41.90, अरॉप 41.95. स्पर्धेचा नवा विक्रम आणि तिघांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी अंतर. पॅरिसमध्ये त्यानं दम दोन्ही फेऱ्यांत जवळजवळ सारखा विभागला होता, टोकियोत तो आधीच उधळून उरलेल्यावर निभावलं. माणसं तीच, पदकंही त्याच तिघांना, तरी बांधणी वेगळी. एकाच शैलीतून दोन निराळ्या शर्यती रचता येणं, हे मला त्याच्या प्रगल्भतेचं सर्वांत पक्कं चिन्ह वाटतं.

आता चर्चा रुडिशाच्या विक्रमाची असते. अंतर फक्त सेकंदाच्या पाचव्या भागाचं. तो मोडला तर मला आनंदच होईल. पण वान्योनीचं मोल मी त्या आकड्यावर तोलणार नाही. पेसमेकरच्या मागे धावून मिळवलेली वेळ आणि विजेतेपद पणाला लागलेलं असताना, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन मिळवलेली वेळ, यांत मला दुसरी अधिक थोर वाटते. त्यानं ती पॅरिसमध्ये दिली, टोकियोत दिली. मोठ्या शर्यतीत सावध राहणं हाच शहाणपणा, ही समजूत त्यानं विशीतच खोटी ठरवली. पुढच्या वेळी तो धावेल तेव्हा घंटेपासून पहिल्या दोनशे मीटरवर लक्ष ठेवा. कुणी बाजूला आलं की त्याच्या पावलात होणारा तो सूक्ष्म बदल एकदा डोळ्यांना सापडला, की त्याची कुठलीही शर्यत नुसत्या निकालासाठी पाहावीशी वाटणार नाही.