कायद्याच्या वाक्यांतील कर्ता

लेस्ली रेगन या अमेरिकन इतिहासलेखिकेचा 'व्हेन अबॉर्शन वॉज अ क्राइम' हा ग्रंथ १९९७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. १८६७ पासून १९७३ पर्यंत अमेरिकेंत गर्भपात हा गुन्हा होता. त्या शंभरांवर वर्षांत स्त्रिया, डॉक्टर आणि सरकार एकमेकांशीं कसे वागले, हा त्याचा विषय आहे. पुस्तक नवें नाहीं. परंतु तें जुनें झालें असेंहि म्हणवत नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलेला गर्भपाताचा हक्क त्याच न्यायालयानें २४ जून २०२२ रोजीं काढून घेतला, आणि जो काळ वाचकांनीं इतिहासजमा धरला होता तो तेथील अनेक राज्यांत पुन्हां अवतरला. ग्रंथाचा सारांश देण्याचा आमचा हेतु नाहीं. गर्भपाताच्या कायद्याचा अभ्यास स्त्रीच्या बाजूनें करावयाचा, म्हणजे नेमकें काय वाचावयाचें व कसें वाचावयाचें, या एका प्रश्नापुरताच आम्ही त्याचा विचार करणार आहों.

अशा विषयावर लिहिणारे बहुतेक पंडित कायद्याच्या पुस्तकापासून आरंभ करितात. अमुक सालीं अमुक कलम आलें, तमुक सालीं तें सुधारलें, असा तो प्रवास असतो. रेगनबाईंनीं निराळी वाट धरली. त्यांनीं शिकागो शहराच्या कॉरोनरचीं दप्तरें उघडलीं. कॉरोनर हा शब्द मुंबईकरांस परका नाहीं; संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी आपल्याकडेहि होता. गर्भपातानंतर जंतुदोषानें किंवा रक्तस्रावानें मेलेल्या स्त्रियांच्या चौकशीचे कागद शिकागोच्या दप्तरांत होते, आणि त्यांत पुष्कळ ठिकाणीं त्या स्त्रीची मृत्युपूर्व जबानीहि होती.

या जबान्यांवरचें प्रकरण हा ग्रंथाचा प्राण होय. मृत्युपूर्व जबानी पुराव्यांत धरली जावयाची तर आपण आतां वांचत नाहीं अशी त्या मनुष्याची खात्री झालेली असली पाहिजे, असा तेथील नियम. (आपल्याकडील पुराव्याच्या कायद्यांत ही अट नाहीं.) या नियमाचा अर्थ खाटेपाशीं काय होत असे तें पाहावें. तापानें फणफणलेल्या, कधीं कधीं विशीहि न ओलांडलेल्या मुलीला आधीं सांगावयाचें कीं तूं मरणार आहेस. तिच्याकडून तें कबूल करून घ्यावयाचें. आणि मग विचारावयाचें, पाळी केव्हां चुकली, पुरुष कोण, त्यानें लग्नाचें वचन दिलें होतें काय, पैसे कोणीं भरले, हें कृत्य कोणीं केलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोलीस व कॉरोनर यांच्या धाकामुळें डॉक्टरच हे प्रश्न विचारूं लागले, आणि कांहीं डॉक्टरांनीं तर जबानी मिळेपर्यंत उपचारच नाकारले. रेगनबाईंचें म्हणणें असें कीं, गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीवर अमेरिकेंत खटला क्वचितच झाला. परंतु तिला शिक्षा झाली नाहीं असें मात्र नाहीं. ही उलटतपासणी आणि नंतरची चव्हाट्यावरची बदनामी हीच तिची शिक्षा होती. नुसतें कायद्याचें पुस्तक वाचणाराला ही शिक्षा कधींच दिसणार नाहीं, कारण ती कोणत्याहि कलमांत लिहिलेली नाहीं.

आम्हांला हें प्रतिपादन पटतें. तरी ग्रंथाचें एक न्यून सांगितलें पाहिजे. कॉरोनरच्या दप्तरांत येते ती मेलेली स्त्री. ज्या वांचल्या, घरीं गेल्या, दुसऱ्या दिवशीं कामावर हजर झाल्या, त्यांनीं कागद मागें ठेवला नाहीं. आणि अशा स्त्रियाच फार अधिक होत्या. लेखिकेस याची जाणीव आहे. म्हणूनच त्यांनीं १९३० नंतरच्या मंदीच्या काळांतील दवाखान्यांचा शोध घेतला. शिकागोंतील जोसेफिन गेबलर या स्त्री-डॉक्टरच्या दवाखान्यांत १९३२ ते १९४१ या काळांत अठरा हजारांवर गर्भपात झाले, ही त्यांनीं दिलेली माहिती वाचून, गुन्हा म्हणजे अंधाऱ्या बोळांतील कांहींतरी, ही समजूत पार ढासळते. पुढें धाडी पडल्या, रुग्णांच्या नोंदी जप्त झाल्या, आणि त्या स्त्रियांना साक्षीसाठीं न्यायालयांत ओढण्यांत आलें. म्हणजे वांचलेली स्त्रीहि आपल्याला दिसते ती पोलिसांनीं तिची नोंद उचलली तेव्हांच! शिवाय मथळ्यावर संपूर्ण अमेरिकेचें नांव असलें तरी पुस्तकाचा मोठा भाग शिकागोचा आहे. एका शहरावरून एवढ्या विस्तीर्ण देशाबद्दल बोलतांना लेखिकेनें आणखी थोडा संकोच बाळगावयास हवा होता. पण हे दोष परिश्रम करणाराचे आहेत.

आतां हा ग्रंथ हातीं धरून आपल्या घराकडे पाहूं. आपल्याकडील १८६० च्या दंडसंहितेचें ३१२ वें कलम मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्यानें अवश्य वाचावें. जो कोणी गर्भवती स्त्रीचा गर्भपात बुद्ध्या घडवून आणील, आणि तो तिचा प्राण वांचविण्याकरितां शुद्ध हेतूनें केलेला नसेल, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद. गर्भाचें स्फुरण सुरू झालें असल्यास सात वर्षांपर्यंत. येथें कर्ता कोणी एक इसम आहे. स्त्री षष्ठींत आहे. परंतु कलमाखालीं एक स्पष्टीकरण जोडलें आहे: जी स्त्री स्वतःचा गर्भपात स्वतः घडवून आणील तीहि या कलमांत येते. संपूर्ण कलमांत स्त्रीला प्रथमा विभक्ति मिळते ती येथें, आरोपी म्हणून. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ३१२ चें ८८ झालें. विभक्ति तीच राहिली.

मध्यंतरीं १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याचें श्रेय महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं नेमलेल्या समितीकडे जातें. अडाणी हातांनीं होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, आणि तुरुंगाच्या भीतीनें चांगला डॉक्टर त्यांना हात लावीत नव्हता, ही परिस्थिति पाहतां तो कायदा उदार होता हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमाचें मुख्य वाक्य काय म्हणतें? नोंदणीकृत वैद्य-व्यवसायी, त्याच्याकडून या कायद्यास अनुसरून गर्भ काढला गेल्यास, गुन्ह्यास पात्र होणार नाहीं. कर्ता डॉक्टर, अभय डॉक्टरला, शुद्ध हेतूनें मत बनवावयाचें तें डॉक्टरनें. स्त्रीची संमति लागते, परंतु तिचा उल्लेख येतो तो पुढच्या एका पोटकलमांत, आणि तोहि नकारात्मक वाक्यांत: संमतीवांचून गर्भपात करूं नये. स्त्रीनें मागावें व तिला मिळावें, असें वाक्य या कायद्यांत नाहीं. संततिनियमनाचें साधन निकामी ठरल्यानें राहिलेल्या गर्भाबद्दल 'विवाहित स्त्री किंवा तिचा पति' असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीनें तेथें 'कोणतीहि स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले, व कांहीं प्रकारच्या स्त्रियांकरितां वीस आठवड्यांची मुदत चोवीस आठवड्यांची झाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहितेलाहि या वाढीव मुदतीचा लाभ दिला, आणि त्या निकालाची भाषा स्त्रीच्या निर्णयाला मान देणारी आहे. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर २०२३ मध्यें, दोन मुलांची आई असलेल्या एका विवाहितेची सव्विसाव्या आठवड्यांतील विनंति त्याच न्यायालयानें नाकारली. तिनें आपल्या मनःस्थितीबद्दल सांगितलें होतें. परंतु गर्भांत व्यंग नाहीं आणि तिच्या प्राणास तात्काळ धोका नाहीं, यावर निकाल ठरला. व्याकरण बदललें नसल्यावर नुसत्या भाषेच्या औदार्यानें किती अंतर कापतां येतें, याचें माप या दोन निकालांत मिळतें.

या कायद्याचे स्त्रीवादी अभ्यास आपल्या देशांतहि होऊं लागले आहेत. असा अभ्यास होतो कसा, याविषयीं वाचकांस फारशी कल्पना नसते. ग्रंथावर नांव येतें तें एका विदुषीचें. दप्तरें वाचतात ते तासांच्या हिशेबानें पैसे मिळणारे अर्धवेळ साहाय्यक, बहुधा विद्यार्थी किंवा नोकरीच्या शोधांत असलेले पदवीधर. आम्हीं स्वतः कांहीं काळ एका अशा अभ्यासांत हें काम केलें आहे, म्हणून त्याच्या रीतीविषयीं बोलण्याचा अधिकार घेतों. साहाय्यकास एक तक्ता दिलेला असतो. वय, विवाहित किंवा अविवाहित, गर्भाचे आठवडे, वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय, निकाल. उच्च न्यायालयाचा निवाडा वाचावयाचा व रकाने भरावयाचे. निवाड्यांत स्त्रीचें नांव नसतें, तेथें इंग्रजी अक्षरें असतात, आणि तें योग्यच आहे. पण तिचें बोलणेंहि 'याचिकाकर्तीचें म्हणणें असें कीं' एवढ्या एका तृतीयपुरुषी वाक्यांत आटोपतें, आणि त्यापुढें मंडळाच्या अहवालाचे उतारे पानेंच्या पानें चालतात.

आमचा आक्षेप या तक्त्यावर आहे. त्याचे रकाने कोणीं आंखले? ते कायद्यानेंच आंखलेले आहेत. डॉक्टरनें काय ठरविलें, न्यायाधीशानें काय ठरविलें, हें कायदा विचारतो, आणि अभ्यासहि तेंच विचारतो. तारखा घ्या. अर्ज कोणत्या दिवशीं दाखल झाला, मंडळ केव्हां बसलें, अहवाल केव्हां आला, हुकूम केव्हां झाला, हें सगळें निवाड्यांत विखुरलेलें असतें. तें ओळीनें मांडल्यास किती दिवस स्त्री आपल्या पोटाकडे पाहात नुसती वाट पाहात बसली, हें कळतें. प्रत्येक आठवड्यास कायद्यांत किंमत असतांना ही वाट पाहणें म्हणजेच रेगनबाईंच्या जबानीसारखी, कोणत्याहि कलमांत न लिहिलेली शिक्षा होय. परंतु 'आठवडे' या रकान्यांत एकच आंकडा मावतो. तो कोणत्या दिवसाचा लिहावा, हें ठरविणारा साहाय्यक ग्रंथाचा निष्कर्ष ठरवीत असतो, आणि हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

'संमति' या रकान्याची गोष्ट तर याहून नाजूक आहे. अमेरिकेच्या इतिहासांत न आढळणारी एक अडचण आपल्याकडे आहे. गर्भलिंग-चिकित्सेस आळा घालणारा कायदा देशांत सर्वांआधीं १९८८ सालीं महाराष्ट्रानें केला, आणि त्यासाठीं चळवळ करणाऱ्यांत स्त्रियांच्या संघटनाच पुढें होत्या. एका हातानें गर्भपाताचा हक्क राखावयाचा आणि दुसऱ्या हातानें मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यास विरोध करावयाचा, ही कसरत त्यांना करावी लागली. सासूच्या व नवऱ्याच्या धाकानें दिलेली संमति आणि स्वतःच्या विचारानें दिलेली संमति, दोन्ही तक्त्यांत 'होय' अशाच पडतात. त्या दोहोंतील भेद शोधावयाचा तर संपूर्ण निवाडा वाचलेल्या माणसाला समासांत लिहिण्याची मुभा हवी. विदुषी निष्कर्ष वाचते, साहाय्यक कागद वाचतो. त्यानें समासांत लिहिलेलें ग्रंथांत कोठेंच येत नसेल, तर स्त्रीच्या बाजूनें म्हणून केलेला अभ्यास नकळत कायद्याच्याच लेखणीनें लिहिला जातो. रेगनबाईंनीं कॉरोनरच्या प्रश्नपत्रिकेला आपला तक्ता केलें नाहीं. ती प्रश्नपत्रिकाच त्यांनीं तपासावयास घेतली. आपल्या अभ्यासकांनीं त्यांच्यापासून घेण्याजोगी गोष्ट ही आहे.

आणि ही दृष्टि मराठीला अगदींच नवी आहे असें थोडेंच आहे? १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयानें विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस, लोकलज्जेच्या भयानें आपलें नवजात मूल मारल्याबद्दल फांशीची शिक्षा सांगितली. अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली. तो गर्भपाताचा खटला नव्हे, पण त्याच भीतीचें तें पुढचें टोंक आहे. वर्तमानपत्रांतून बायकांच्या अनीतीवर लेखांचा पाऊस पडला, तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं पुण्यास 'स्त्रीपुरुष तुलना' छापून प्रसिद्ध केली. ताराबाईंनीं कायदा शिकलेला नव्हता. तरी जो पुरुष खटल्याच्या कागदांतून सहीसलामत बाहेर राहिला त्याच्याकडे त्यांनीं बोट दाखविलें. शिकागोचा अधिकारीहि मरणाऱ्या मुलीस 'पुरुष कोण' असें विचारीत होता. पण त्याला हवा होता तो पुरावा, ताराबाईंना हवा होता तो जबाबदार मनुष्य. प्रश्न एकच, विचारणारा बदलला कीं त्याचा अर्थ कसा उलटतो, हें या दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल. ताराबाईंचें पुस्तक विस्मृतींत गेलें होतें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रकाशांत आणलें, याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे.

रेगनबाईंच्या ग्रंथाचें मराठी भाषांतर व्हावें अशी आमची इच्छा आहे. भाषांतरकारास खरी अडचण पडेल ती पहिल्याच प्रकरणांत. गर्भाचें स्फुरण होईपर्यंत जुन्या इंग्रजी रूढ कायद्याप्रमाणें गर्भपात गुन्हा नव्हता. स्त्रिया त्या काळापर्यंत 'पाळी परत आणणें' असेंच बोलत, आणि बोलण्याची ती रीति कायदा बदलल्यावरहि टिकली. कायद्याचा शब्द एक, घरांतला शब्द दुसरा. आपल्याकडे 'पोट पाडणें' हा शब्द दोषारोप करणाराच्या तोंडीं असतो. ज्या बाईवर वेळ येते ती 'पिशवी साफ केली' म्हणते, खेड्यांत 'क्युरेटिन केलें' म्हणते. भाषांतरकारानें सर्वत्र 'गर्भपात' हा एकच संस्कृत शब्द वापरला तर पुस्तक शुद्ध होईल, पण त्यांतील बायका बोलावयाच्या थांबतील. लेखिकेच्या निवेदनांत 'गर्भपात', पोलिसांच्या तोंडीं पोलिसांचा शब्द, आणि खाटेवरच्या मुलीच्या तोंडीं तिचा, असे तीन थर ठेवण्याचें काम कष्टाचें आहे. तें करणारास मानधन तासांच्या हिशेबानें न देतां पुरें द्यावें, आणि त्याचें नांव मुखपृष्ठावर छापावें.