भाचा आणि भाता

माझा भाचा डेट्रॉइटजवळ राहतो. तिथल्या माणसाने जुनी गाडी बाळगणं हे पैठणच्या बाईने पैठणी जपण्याइतकंच स्वाभाविक. याच्याकडे १९६९ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आहे. ४०० घनइंचांचं व्ही-एट इंजिन, कंपनीच्या कागदावर ३५० अश्वशक्ती. आमच्या अख्ख्या आळीचं वऱ्हाड ओढून वर रुखवतही नेईल. पण भाच्याला कमी पडते! "मामा, ब्लोअर बसवायचाय. हे कॅटलॉग वाचून सांग कुठला घेऊ." जन्मभर नाटकांची परीक्षणं लिहिली, तेव्हा कॅटलॉगही मी संहितेसारखेच वाचले.

ब्लोअर म्हणजे, वाचकहो, लोहाराचा भाता. इंजिनात जास्त हवा कोंबायची, त्या मानाने जास्त पेट्रोल जाळायचं, की ताकद वाढली. यातला रूट्स पद्धतीचा भाता तर खरोखरच भट्टीवरचा. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं, आणि तो लोखंडाच्या भट्ट्यांना नि खाणींना वारा घालू लागला. पुढे जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर बसला. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून नाव 'सिक्स-सेव्हन्टीवन'. तिथून शर्यतवाल्यांनी तो उचलला. म्हणजे मूळचा हा मालट्रकांचा आणि बसगाड्यांचा गडी, पण हल्ली बॉनेट फाडून बाहेर डोकावतो आणि नायक म्हणून टाळ्या घेतो.

या टाळ्यांना 'मॅड मॅक्स' जबाबदार आहे. १९७९चा पहिला आणि १९८१चा दुसरा भाग. नायक कळ दाबतो, बॉनेटवरचा ब्लोअर गरगरू लागतो, गाडी उधळते. दिग्दर्शन झकास, पण तर्काच्या नावाने शिमगा! कार्ब्युरेटर त्या ब्लोअरच्या डोक्यावर, म्हणजे इंजिनाचा प्रत्येक श्वास ब्लोअरमधूनच जाणार. तो बंद ठेवला तर गाडी चालणार कशी? नाक दाबून कोणी भैरवी गातं का? चित्रीकरणातला तो ब्लोअर नुसत्या देखाव्याचा होता, आणि भाच्याला नेमका तसलाच हवाय.

रूट्सचा गुण असा की पायाखालचं पेडल दाबताच, कमी फेऱ्यांतही, तो जोर देतो. पण इतक्या मोठ्या व्ही-एटकडे खालचा जोर मुळातच रग्गड! जेवून उठलेल्या पाहुण्याला पुन्हा पाटावर बसवण्यातला हा प्रकार. शिवाय बॉनेट कापायचं. टर्बो फुकट जाणाऱ्या धुराच्या वाऱ्यावर फिरतो, हे माझ्या काटकसरी स्वभावाला पटतं. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायरने तो आणलाही होता. पण तिला पेट्रोलखेरीज पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रणही पाजावं लागे. मालक ते भरायला विसरत. १९६३नंतर ती गाडी बंद झाली. आज टर्बो पुष्कळ शहाणा झालाय, तरी जुन्या गाडीच्या पोटातून तापलेले लालभडक पाईप फिरवायचे म्हणजे निम्मी गाडी उकलायची.

माझं मत सेंट्रिफ्युगलला. पट्ट्यावर फिरतो, एका कडेला बसतो, फेऱ्या वाढतील तसा चढत जातो. शेल्बीने १९६६ साली जीटी ३५० मस्टँगला पॅक्स्टनचा असाच भाता पर्यायी म्हणून दिला होता.

पण खरी गोची कुठल्याच जाहिरातीच्या पहिल्या पानावर नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ला एक. ते शिशाच्या, तेज पेट्रोलच्या जमान्यातलं. हवेचा दाब १४.७ पौंड, त्यावर भात्याचे सात पौंड चढवले की निम्म्याने जास्त हवा. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर ते मिश्रण वेळेआधीच भडकणार, इंजिन खडखडणार आणि एक दिवस पिस्टनला भोक! त्या पिस्टनखालचे कनेक्टिंग रॉडही ओतीव. आधी घडीव पिस्टन नि रॉड घालायचे, कॉम्प्रेशन साडेआठाच्या आसपास आणायचं, मग भाता. हा खर्च भात्याइतकाच, किंबहुना वरचढ. आणि गाडीच्या नंबराशी जुळणारं मूळ इंजिन एकदा फुटलं, की दुसरं जन्माला येत नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. भाचा बराच वेळ गप्प होता.

"पटतंय रे मामा. पण कडेला बसवला तर तो दिसणार कोणाला?"

तूर्त पिस्टनची ऑर्डर गेलीय. बॉनेटला करवत लावायची नाही, एवढं भाचेसूनबाईंनी परस्पर ठरवून टाकलंय.