जात्यावरील ओवीचे ध्वनिमुद्रण : संहिता आणि सलग गायन

प्रस्तावना : जात्यावरील ओवी मराठी अभ्यासकांपर्यंत प्रामुख्याने छापील संहितेच्या रूपाने पोहोचली. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आणि डॉ. सरोजिनी बाबर यांची संकलने यांचे मोल निर्विवाद आहे. तथापि, छापील दोन ओळी म्हणजेच ओवी, हे त्यातून रूढ झालेले गृहीतक तपासून पाहणे आवश्यक वाटते.

विवेचन : हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा ठेवा क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

हे गायन स्टुडिओत तुकडे जोडून निर्दोष केलेले नाही. गायिकांच्या गावी, त्या गातील तसे ते टिपले आहे. ते ऐकताना संहितेने गाळलेल्या गोष्टी ध्यानात येतात. ओळीची पुनरावृत्ती होते, मध्येच ‘बाई’सारखे संबोधन येते, दुसरी बाई सूर धरते. छापताना ही पुनरावृत्ती पाल्हाळ ठरते. गाताना मात्र तिच्या आधारे पुढची ओळ सुचण्यास अवकाश मिळतो. संबोधनामुळे ओवी स्वगत न राहता सोबतिणीशी केलेला संवाद होते. म्हणजे ओवीची रचना आणि तिचे सामाजिक नाते या दोन्ही बाबी नेमक्या गाळलेल्या भागातच आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. पिठाच्या गिरण्या आल्यावर दळण घरातून गेले. अभ्यासकाच्या विनंतीवरून गायिलेली ओवी कितपत अस्सल मानावी? आक्षेप रास्त आहे. अशा मुद्रणात पहाटेचा एकांत नसतो, समोर श्रोता असतो. म्हणून ध्वनिमुद्रण हाच अंतिम पुरावा असेही म्हणता येणार नाही. मात्र श्वास, अडखळणे व लय यांची साक्ष संहिता मुळीच देत नाही, मुद्रण अंशतः देते.

निष्कर्ष : संकलनातील सर्वच ओव्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे केवळ लिखित उरलेली ओवी पूर्ण कविता न मानता गायनाची टाचणे म्हणून वाचली पाहिजे. पदव्युत्तर वर्गात ओवी शिकविताना आधी ऐकविणे व नंतर वाचणे हा क्रम स्वीकारल्यास अल्पाक्षरी, भाबडी रचना हा तिच्यावरील शिक्का पुसण्यास साहाय्य होईल.