होरेसचा दिवस : पकडायचा की खुडायचा?

होरेसची जी कविता आज टी-शर्टांवर छापली जाते ती अवघ्या आठ ओळींची आहे. इ. स. पू. २३ च्या सुमारास आलेल्या त्याच्या 'ओड्स'च्या पहिल्या भागातली ती अकरावी. तिचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ असा : आजचा दिवस पकडा, मजा करून घ्या. आमचा आक्षेप इथेच आहे.

मूळ क्रियापद आहे 'कार्पे'. ते फूल, फळ देठावरून काढण्याचं आहे. म्हणजे आपलं खुडणं. मेघदूत मराठीत आणणारे चिंतामणराव देशमुख रोह्याचे. तेव्हा अनुवादात एक शब्द सरकला की काय होतं, हे इथे सांगायला नको. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आपल्याकडे वाल होतो. शेंग फार लवकर तोडली तर दाणा भरलेला नसतो, उशीर केला तर ती पोपटीच्या मडक्यात घालण्याजोगी राहत नाही. खुडणाऱ्याला थांबावं लागतं, बघावं लागतं. पकडणाऱ्याला नुसती घाई.

कविता ल्यूकोनोए नावाच्या स्त्रीला उद्देशून आहे. आयुष्य किती उरलं हे ती बाबिलोनी आकडेमोडीतून, म्हणजे आपल्या भाषेत पत्रिकेतून, शोधते आहे. होरेस तिला ते सोडायला, वाइन गाळून घ्यायला आणि लांबलेली आशा छाटायला सांगतो. छाटायला; उपटायला नव्हे. द्राक्षाची छाटणी करतो तो वेल मारत नाही. प्रेरणादायी पुस्तकांतून नेमकं हेच गळून जातं. आमच्या वयाची, सत्तरी ओलांडलेली माणसं पाहावीत : कुणी ज्योतिषाकडे जातो, कुणी सहलींची यादी घेऊन धावतो. आज दोघांच्याही हातून निसटतो.

तरीही एक गोष्ट आम्हाला बोचते. उद्यावर फारसं विसंबू नकोस, असं होरेस बजावतो. वाल पेरणाऱ्याला हे कसं परवडावं? होरेसला साबाइन टेकड्यांतलं शेत मिळालं ते मायकेनास या धनिक आश्रयदात्यामुळे, आणि ते कसायला गुलाम होते. अर्थात तो स्वतः मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा; इ. स. पू. ४२ मध्ये फिलिप्पीला हरलेल्या बाजूने लढला आणि वडिलांची मालमत्ता गमावून बसला. उद्यावरचा त्याचा अविश्वास ऐषारामातला नाही, असं आमचं मत. पण पुढे त्याने शेताच्या कारभाऱ्याला लिहिलेलं एक पद्यपत्र आहे. कारभाऱ्याला शहर हवं, मालकाला शेत. कारभाऱ्याची बाजू आपल्याला मालकाच्याच तोंडून ऐकावी लागते.